ईटीए लागतच नव्हता, तरी २६७ डॉलर भरले

२०२४ च्या जुलैत आम्ही तिघं न्यू जर्सीहून टोरांटोला गेलो होतो. माझ्या आतेभावाने मिसिसागात घर घेतलं, त्याची वास्तुशांत होती. तिकिटं दोन महिने आधीच काढलेली. निघायला चार दिवस असताना रात्री जेवणं आटोपल्यावर नवरा म्हणाला, "अगं, कॅनडाला विमानाने जायचं तर ऑनलाइन काहीतरी परवानगी काढावी लागते म्हणे. बघतेस का जरा?" मी फोन घेऊन सोफ्यावर बसले आणि पाऊण तासाच्या आत २६७ अमेरिकी डॉलर, तिघांच्या पासपोर्टांचे फोटो आणि आमची दोन ग्रीन कार्डं कोण कुठल्या लोकांच्या हवाली करून मोकळी झाले.

आमच्याकडे कागदपत्रं कोणती होती ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मी आणि नवरा, दोघांचे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड. मुलगी नऊ वर्षांची, जन्म इथलाच, त्यामुळे तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. आमच्यापैकी एकालाही कॅनडात जायला ईटीए लागत नाही. एकालाही नाही. हे सरकारी पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तिथवर मी पोहोचलेच नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ईटीए म्हणजे व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांनी विमानाने कॅनडात उतरण्याआधी काढायची ऑनलाइन परवानगी. २०१६ पासून ती सुरू झाली. शुल्क ७ कॅनेडियन डॉलर. एकदा मिळाली की पाच वर्षं, किंवा पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तोपर्यंत चालते.

मी 'कॅनडा ईटीए' असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्याच्यावर बारीक अक्षरांत ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. साइटच्या पत्त्यात 'कॅनडा' होतं, 'ईटीए' होतं. पान उघडल्यावर वर लाल मेपलचं पान, खाली पांढरी स्वच्छ पार्श्वभूमी, सरकारी फॉर्मसारखे करडे चौकोन. पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. मी भारत निवडलं. दुसरा प्रश्न होता, अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे का? आहे म्हटल्यावर क्रमांक मागितला, मग कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो.

माझा विश्वास बसला तो याच प्रश्नामुळे. मला वाटलं, इतकं नेमकं विचारतायत म्हणजे यांना नियम माहीत आहेत. आता कळतं की नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. ग्रीन कार्ड आहे एवढं समजल्यावर सरळ माणसाने 'तुम्हाला हे लागत नाही' असं सांगून फॉर्म तिथेच थांबवला असता. यांनी क्रमांक घेतला आणि पुढचं पान उघडलं.

पुढे वडिलांचं नाव, आईचं लग्नाआधीचं नाव, गेल्या पाच वर्षांतले पत्ते, नोकरीचं ठिकाण. वर कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालत होतं, पंधरा मिनिटांत अर्ज पूर्ण करा. मुलीचा फॉर्म भरताना ते दोन मिनिटांवर आलं तेव्हा माझे हात थरथरायला लागले होते. शेवटच्या पानावर माणशी ८९ डॉलर. जास्त वाटले. पण चार दिवसांवर प्रवास, घरी पाहुण्यांची तयारी झालेली, आणि अमेरिकेतल्या इमिग्रेशनच्या बहुतेक फी याहून कितीतरी जास्त असतात, त्यामुळे आकडा खटकला तरी थांबावंसं वाटलं नाही. अटी मान्य असल्याच्या चौकोनात खूण केली आणि कार्ड वापरलं.

दोन दिवसांनी ईमेलवर तीन पीडीएफ आल्या. नाव, पासपोर्ट क्रमांक, खाली चौकोनी कोड आणि हिरव्या पट्टीत 'मंजूर'. मी तिन्ही रंगीत छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या.

नेवार्क विमानतळावर काउंटरवरच्या बाईंना मी ते फोल्डरच आधी दिलं. त्यांनी वरचा कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि तिन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "हे मला नको. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड द्या." मी म्हटलं, हा आमचा ईटीए आहे. त्या म्हणाल्या, "ईटीए असा कागदावर नसतोच, तो पासपोर्टशी जोडलेला आमच्या स्क्रीनवर दिसतो. आणि तुम्हाला तो लागत नाही. किती घेतले?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि बोर्डिंग पास छापायला घेतले. असे कागद घेऊन बरेच लोक येतात, एवढंच म्हणाल्या.

विमानात दीड तास मी नवऱ्याशी धड बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता.

मिसिसागात पोहोचल्यावर त्याच रात्री आतेभावाने लॅपटॉप उघडला. "ताई, तू बस इथे, आपण दोघं मिळून वाचू." ईटीएसाठी कॅनडा सरकारची अधिकृत साइट एकच, कॅनडा डॉट सीए. तिथे 'मला व्हिसा लागतो का' असं एक पान आहे. पासपोर्ट कुठला, ग्रीन कार्ड आहे का, एवढे प्रश्न विचारून ते थेट उत्तर देतं. आमचं उत्तर आलं: व्हिसा नको, ईटीए नको, मुदतीतला पासपोर्ट आणि मुदतीतलं ग्रीन कार्ड, दोन्ही जवळ ठेवा. पैसे नाहीत, नाव-पत्ता नाही, घड्याळ नाही.

मग आम्ही ईटीए न लागणाऱ्यांची पूर्ण यादी वाचली. अमेरिकेचे नागरिक त्यात आहेत; त्यांना ओळख म्हणून मुदतीतला अमेरिकी पासपोर्ट वगैरे दाखवावा लागतो, म्हणजे माझ्या मुलीसाठी भरलेले ८९ डॉलर निव्वळ लूट होती. ज्यांच्याकडे कॅनडाचा चालू व्हिसा आहे ते त्यात आहेत. विमान कंपन्यांचे ड्यूटीवरचे कर्मचारी, कॅनडाने मान्यता दिलेले परदेशी राजनैतिक अधिकारी, सेंट पियरे आणि मिकेलॉन या कॅनडाजवळच्या फ्रेंच बेटांवर राहणारे फ्रेंच नागरिक, इतकंच काय ब्रिटनच्या राजघराण्यातली माणसंसुद्धा. इतकी बारकाईने लिहिलेली यादी समोर फुकट उपलब्ध असताना लोक तिच्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणूनच त्या जाहिराती वर झळकत असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाने आणखी एक गोष्ट दाखवली. ती तिकडे स्थायिक झालेल्यांच्या कामाची आहे. कॅनडाच्या नागरिकाला ईटीए मिळतच नाही. दुसऱ्या देशाचाही पासपोर्ट असला तरी कॅनडाचाच दाखवावा लागतो. सूट आहे ती अमेरिका आणि कॅनडा असं दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांना, त्यांना अमेरिकी पासपोर्टवर जाता येतं. कॅनडात पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, असलेल्यांनाही ईटीए नाही, त्यांना पीआर कार्ड किंवा त्याऐवजी दिला जाणारा प्रवासाचा दस्तऐवज लागतो. त्यांना कोणी ईटीए विकत असेल तर तोही खोटाच.

नवऱ्याने जे 'म्हणे' ऐकलं होतं ते पूर्वी खरं होतं. ग्रीन कार्डवाल्यांनासुद्धा आधी विमानाने जाताना ईटीए काढावा लागायचा. २६ एप्रिल २०२२ पासून तो नियम बदलला. जुने लेख, जुन्या व्हॉट्सअॅप पोस्ट मात्र अजून फिरतायत, आणि ठगांचा धंदा त्याच जुन्या माहितीवर चालतो.

तेव्हा भारतीय पासपोर्ट असलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं: पर्यटक म्हणून किंवा नातेवाइकांकडे कॅनडात जाताना आपल्याला एक तर व्हिसा लागतो, किंवा ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि ते कार्ड यांपलीकडे काहीच लागत नाही. भारतीय पासपोर्टवर कोणी तुम्हाला ईटीए काढून देतो म्हणाला, की तिथेच फोन खाली ठेवा.

हे इतकं जोर देऊन सांगण्याचं कारण माझे २६७ डॉलर नाहीत. आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, एच-१बी वर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर. त्यानेही अशाच एका साइटवरून ईटीए 'काढला'. अमेरिकेचा व्हिसा असला की कॅनडाला ईटीए चालतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. जून २०२३ मध्ये तशी सवलत आली आहे खरी, पण ती तेव्हा फिलिपिन्स, थायलंड, मोरोक्को अशा तेरा देशांच्या नागरिकांसाठी होती. भारत त्या यादीत नाही. त्याला विमानतळावरून परत पाठवलं. तिकिटाचे पैसे गेले आणि टोरांटोत त्याच्या सख्ख्या बहिणीचं डोहाळजेवण चुकलं. त्याला रीतसर व्हिसा काढायला हवा होता: १०० कॅनेडियन डॉलर, आणि बोटांचे ठसे आधी दिलेले नसतील तर वर ८५. गाडीने नायगारामार्गे गेलं तर चालतं का, असं त्याने मला नंतर विचारलं. नाही चालत. ज्यांना व्हिसा नको त्यांना रस्त्याने जाताना ईटीए लागत नाही हे खरं, पण भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी असेल तर रस्त्यानेही व्हिसा हवाच.

पैसे परत मिळावेत म्हणून मी घरी आल्यावर बँकेकडे तक्रार केली. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत ती लेखी करायची असते. त्या कंपनीने उलट उत्तर पाठवलं, 'सेवा दिली आहे'. पुरावा म्हणून त्या तीन पीडीएफ आणि मी चौकोनात खूण केल्याची वेळ, सेकंदासकट. त्यांच्या अटींमध्ये तळाशी लिहिलेलं होतं की आमचा सरकारशी संबंध नाही, आम्ही अर्ज भरायला मदत करतो आणि मदतीचे पैसे परत मिळत नाहीत. बँकेने निकाल त्यांच्या बाजूने दिला. मी सरकारी पानाची प्रत जोडून पुन्हा पाठवलं, तरी तेच.

पैशांचं दुःख महिनाभरात ओसरलं. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, आईचं माहेरचं नाव, लेकीची जन्मतारीख हे सगळं एकत्र कुणाकडे तरी पडून आहे, त्याची धास्ती अजून जात नाही. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे आम्ही दोघांनी क्रेडिट गोठवून घेतलं, म्हणजे आमच्या नावाने दुसऱ्या कोणाला सहज कर्ज काढता येऊ नये. ते फुकट होतं आणि ऑनलाइन दहा मिनिटांत झालं. मुलीचं मात्र टपालाने करावं लागलं, तिच्या जन्मदाखल्याची प्रत, माझ्या ओळखपत्राची प्रत, तिन्ही ठिकाणी वेगवेगळं पाकीट. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाने उद्या कोणी कर्ज काढू नये म्हणून ती पाकिटं चिकटवत बसले होते, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

तुमचंही असं झालं असेल तर आधी हे गोठवण्याचं काम करा, बँकेशी भांडण नंतर. अमेरिकेत एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) आणि कॅनडात कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवता येते. मी दोन्हीकडे नोंदवली.

गेल्या आठवड्यात त्याच साइटची मेल आली. तुमच्या ईटीएची मुदत संपत आली आहे, लगेच नूतनीकरण करा, माणशी १०९ डॉलर. खाली मुलीचं पूर्ण नाव आणि तिच्या पासपोर्टचे शेवटचे चार आकडे. ती मेल मी पुसली नाही. दोन्ही तक्रारींना जोडून पाठवली आहे.