डिसेंबरातलं टिव्होली, कोपनहेगन : दुपारी तीनलाच आत शिरा

ख्रिसमसच्या दिवसांत कोपनहेगनला जाणार असाल आणि एकाच ठिकाणी पैसे घालवायचे असतील तर टिव्होली या जुन्या मनोरंजन पार्कमध्ये घालवा, हे आधीच सांगून टाकते. सेंट्रल स्टेशनवरून रस्ता ओलांडला की आलंच, आणि एअरपोर्टवरून ट्रेनने स्टेशन साधारण पाव तासात येतं, म्हणजे बॅगा हॉटेलात टाकून पहिल्याच संध्याकाळी जाता येतं.

पण वेळ सांभाळा. डिसेंबरात तिथे साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, खूप जण यावर नाराज होतात की दिवस फुकट गेला, मला तर वाटतं हे पार्क बघायचंच अंधारात. तीनला आत गेलात तर आकाशात अजून थोडा उजेड असतो, मग बघता बघता तो जातो आणि झाडांवरचे, छपरांवरचे, स्टॉलवरचे दिवे वर येतात, तेवढा वेळ तळ्याच्या काठी थांबाच. हे तळं म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीच्या खंदकाचा उरलेला तुकडा, 1843 ला टिव्होली सुरू झालं तेव्हा ही जागा वेशीबाहेर होती. निम्ब हॉटेलची 1909 ची इमारत घुमट वगैरे असलेली, मूरिश म्हणजे स्पेन-मोरोक्कोकडच्या जुन्या मुस्लिम बांधकामाच्या धाटणीची, ती सगळी दिव्यांनी मढवतात, दुसरं काही न बघता नुसती तीच बघत बसावं अशी. आणि गंमत म्हणजे एवढं जुनं पार्क पण ख्रिसमसला उघडायला लागलं 1994 पासून, त्याआधी हिवाळ्यात बंदच असायचं.

तिकिटाबद्दल नीट समजून घ्या. एन्ट्री वेगळी आणि राइड्स वेगळ्या. फिरायचं, खायचं, दिवे बघायचे एवढंच असेल तर नुसती एन्ट्री पुरते, मुलं बरोबर असतील तर राइड्सचा पास घ्या नाहीतर एकेक तिकीट काढता काढता खर्च कुठच्या कुठे जातो. एकच राइड घ्यायची तर 1914 चा लाकडी रोलर कोस्टर घ्या, गाडीत एक ब्रेकवाला बसलेला असतो आणि वेग तोच हाताने आवरतो, असं आता जगात फार कमी ठिकाणी उरलंय. हवा खराब असली तर उंचावरच्या राइड्स बंद ठेवतात, तेवढं धरून चाला.

खाण्याबद्दल भरपूर बोलता येईल. ग्लॉग म्हणजे मसाले घालून गरम केलेली रेड वाइन, तळाशी मनुका आणि बदामाचे काप, ते शेवटी चमच्याने खायचे, दारू नको असेल तर बिनदारूचा पण बहुतेक ठिकाणी मिळतो. शहरात दुसरीकडे एका स्टॉलवर मला कोमट ग्लॉग मिळाला, त्यात मनुका शोधूनही सापडली नाही, त्यामुळे कपातून वाफ येतेय ना ते बघूनच पैसे द्या. त्याच्याबरोबर एबलस्कीवर घ्या, गोल गोल, अगदी आप्प्यांसारखे दिसतात, वर पिठीसाखर आणि बाजूला जॅम, पण अंडं असतं हे लक्षात ठेवा. मांसाहारी लोकांनी भाजलेल्या पोर्कचं सँडविच सोडू नये, कुरकुरीत कातडी, लाल कोबी आणि काकडीचं लोणचं, थंडीत उभ्याने खायला याच्यासारखं दुसरं काही नाही. स्वस्त काहीच नाही, डेन्मार्कमध्ये व्हॅटच 25 टक्के आहे. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, त्यामुळे क्रोनर नोटा बदलून घ्यायची गरज नाही.

संध्याकाळचा बॅले परवडत असेल तर आधीच बुक करा, टिव्होलीतल्या ख्रिसमस बॅलेचं नेपथ्य आणि कपडे डेन्मार्कच्या राणी मार्गरेटने स्वतः डिझाइन केलेत, राणीपदावर असताना. मला हे फार आवडतं त्या लोकांचं.

कपड्यांचं एवढंच की बर्फाची आशा धरून जाऊ नका, तिथे डिसेंबरात पाऊस आणि वारा जास्त, तापमान शून्याच्या थोडं वर. बूट पाणी न शिरणारे हवेत, कोट वारा अडवणारा. आत एखाद्या कॅफेत बसून परत बाहेर यायचं असं करत राहिलात तर चार तास सहज जातात.

तारखा निवडताना 13 डिसेंबर जमवता आला तर जमवाच. त्या दिवशी लुसियाचा सण, संध्याकाळी शेकडो कयाक म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या दिवे लावून कालव्यांतून गाणी म्हणत जातात, न्यूहाउन कालव्याच्या काठावरून फुकट बघायला मिळतं, फक्त जागा लवकर धरा. टिव्होलीला शनिवार-रविवार टाळा, फार गर्दी, सोमवार ते बुधवार बरं. आणि 24 ते 26 चा मुक्काम ठेवणार असाल तर खाण्याची सोय आधी करून ठेवा, त्यांचा खरा सण 24 च्या संध्याकाळी घरात असतो, दुपारपासूनच दुकानं बंद व्हायला लागतात आणि 25, 26 सार्वजनिक सुट्टी. टिव्होली त्या दिवसांत कधी उघडं आहे ते साइटवर बघूनच विमानाचं तिकीट काढा.