तासांची मर्यादा की रात्री फोन खोलीबाहेर?

पंधरा वर्षांच्या मुलीची चिडचिड वाढलीय, म्हणून मैत्रिणीला एकच नियम लावायचाय: दिवसाला दोनच तास फोन, की रात्री फोन खोलीबाहेर? दोन्ही एकदम लावले तर घरात महाभारत, असं तिचं म्हणणं.

झोपेच्या कसोटीवर दुसरा नियम सरळ जिंकतो. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. मुलीने आपले दोन तास रात्री अकरा ते एक वापरले, तर मर्यादा पाळूनही उपयोग शून्य. अपुऱ्या झोपेची चिडचिड दुसऱ्या दिवशी हजर!

मनःस्थितीचं गणित इतकं सोपं नाही. रोज तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरांना नैराश्य-चिंतेचा धोका दुप्पट, असा इशारा अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागारांनी, 2023 मध्ये दिला. उलट 2019 च्या एका मोठ्या विश्लेषणात किशोरा-किशोरांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भागच डिजिटल वापराशी जोडता आला. शिवाय तास मोजताना मैत्रिणीशी गप्पा आणि इतरांशी तुलना करत केलेलं स्क्रोलिंग एकाच तराजूत पडतं.

कटकट? तास रोज मोजायचे, पळवाटाही रोज निघणार. रात्रीच्या नियमाला चार्जर बाहेर ठेवला की झालं. फक्त आईबाबांचे फोनही तिथेच हवेत. गजराचं घड्याळ, एवढाच खर्च.

झोप बिघडली असेल तर रात्रीचा नियम. झोप नीट असूनही खेळ, मैत्रिणी, अभ्यास सुटत चालला असेल तर तासांची मर्यादा, तीही एखाद-दोन ॲपपुरती. उदासी दोन आठवडे हटलीच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.