आईचा रक्तदाब आणि ई-संजीवनी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी आई तोरण्याच्या पायथ्याशी एका वाडीत राहते आणि मी पुण्यात धायरीला. दर महिन्याला तिला रक्तदाबाच्या तपासणीसाठी पुण्यात आणायचे म्हणजे तिच्या शेतीचा एक दिवस आणि माझी एक रजा खर्ची पडत असे. म्हणून नऊ महिन्यांपासून आम्ही केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत दूरसल्ला सेवा वापरत आहोत. रुग्णाने घरूनच डॉक्टरांशी बोलण्याची तिची ओपीडी एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात सुरू झाली.

आम्हीही आधी घरूनच प्रयत्न केला. नोंदणीत माझा क्रमांक दिलेला असल्यामुळे ओटीपी पुण्यात माझ्याकडे येई आणि मी कामात असलो की पुतणी तिकडे फोन धरून ताटकळत बसे. पुढे तिचा क्रमांक दिला, पण घरात रेंज टिकत नाही. अखेर आम्ही उपकेंद्रात जाऊ लागलो. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई आधी रक्तदाब मोजतात आणि मग डॉक्टरांशी जोडून देतात.

पाचव्या महिन्यात पाय जड वाटतात असे आई बोलता बोलता म्हणाली. डॉक्टरांनी ताईंना तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरायला आणि मग मोबाइल जवळ न्यायला सांगितले. अंगठा उचलल्यावर राहिलेला खळगा पडद्यावर स्पष्ट दिसला. ॲम्लोडिपिन या तिच्या रक्तदाबाच्या गोळीमुळे अशी सूज येऊ शकते, मात्र मूत्रपिंड आणि हृदय तपासल्याशिवाय तसे धरून चालता येणार नाही, असे सांगून त्यांनी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या आणि प्रत्यक्ष दाखवून यायला बजावले. अहवाल चांगले आले, गोळी बदलली आणि सूज उतरली. आई घरी एकटीच फोनवर बोलत असती, तर तो खळगा कोणाच्या नजरेस पडला नसता, याची मला खात्री आहे.

एका औषध दुकानदाराने मोबाइलवरची चिठ्ठी नाकारली. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार ती ग्राह्य असते, तरी आता आम्ही तिची छापील प्रत नेतो. दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असे नसल्याने रक्तदाबाचे आकडे आई एका वहीत लिहून ठेवते आणि ती वही आधी ताईंपुढे ठेवते. छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांसाठी ही सोय नाही. तेव्हा थेट 108 ला फोन करावा.

ताई लसीकरणासाठी वस्त्यांवर गेल्या की आमचा सल्ला पुढे ढकलला जातो. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रशिक्षित माणूस मिळावा, अशी मागणी आम्ही ग्रामसभेत लेखी दिली आहे.