कॅपखाली रिकामी दाढ

रूट कॅनल केलं असं सांगून आमच्या नानांच्या दाढेत कापसाचा बोळा कोंबला, वर कॅप चिकटवली आणि १०,५०० रुपये घेतले. रूट कॅनलचे ३,५००, झिरकोनियाच्या, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅपचे ७,०००. हे कळलं ते काही महिन्यांनी, गाल सुजून नानांना भाकरीचा घास चावेना तेव्हा.

नाना म्हणजे माझे चुलते. अमळनेरजवळच्या खेड्यात कापूस-ज्वारीची शेती. खालची दाढ रात्रभर ठणकायची. बाजाराच्या गावी नवा दवाखाना, बाहेर 'एका बैठकीत रूट कॅनल'चा बोर्ड. घरी आले ते खुशीत. "अर्ध्या तासमा मोकया व्हई गऊ, पोऱ्या!"

एका बैठकीत काम होतं, त्यात खोटं काही नाही. पण खालच्या पहिल्या दाढेच्या मुळांत नस असलेल्या बहुधा तीन नलिका असतात, कधी चार. प्रत्येकीची लांबी मोजायची, फाईलने, म्हणजे कानशीसारख्या बारीक सुईने, आतली नस काढायची, औषधाने पुन्हा पुन्हा धुवायचं, मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ मुळाच्या टोकाजवळपर्यंत भरायचा. भूल देण्यापासून कॅप लावण्यापर्यंत हे सगळं अर्ध्या तासात, तेही एकही एक्स-रे न काढता? नानांना विचारलं तर म्हणाले, मशीन बंद होतं.

नंतर दुखायला लागलं तेव्हा तिथून उत्तर एकच, "रूट कॅनलनंतर दुखतंच." तेही अर्धं खरं, म्हणून माणूस गप्प बसतो. चावताना दोन-चार दिवस ठणका राहतो, गोळीने आटोक्यात येतो आणि रोज थोडा कमी होतो. महिन्यांनंतर सूज येणं, हिरडीवर पू भरलेली पुळी येणं हे त्यात बसत नाही.

शेवटी धुळ्याला नेलं. तिथल्या मॅडमनी आधी एक्स-रे काढला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. शेजारच्या दाढेचं रूट कॅनल नानांनी पूर्वी नाशिकला करून घेतलेलं. तिच्या मुळांत भरलेल्या गटापर्चाच्या पांढऱ्या रेघा टोकापर्यंत उतरलेल्या दिसत होत्या. या दाढेची मुळं मात्र कोरी, आणि टोकाशी काळा डाग, म्हणजे जंतुसंसर्ग. कॅप कापली तर आतून धातू चमकला. सात हजारांची झिरकोनिया म्हणून जी लावली ती वरून सिरॅमिक चढवलेली साधी धातूची कॅप होती! खाली तो कुजलेला कापूस. वास खोलीभर.

दाढ वाचली. पण नलिका पहिल्यापासून साफ कराव्या लागल्या, मध्ये औषध भरून ठेवावं लागलं, बैठका वाढल्या आणि पैसे पुन्हा गेले.

कॅप बसली की आतलं काहीच दिसत नाही, सगळी फसवणूक त्या आडोशाने चालते. म्हणून कॅपच्या आधी, भरल्यानंतरचा एक्स-रे मागा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. चांगला डॉक्टर स्वतःहून दाखवतो. झिरकोनियाचे पैसे घेतले असतील तर कंपनीचं वॉरंटी कार्ड मागा. बिलावर 'दातांचे काम' एवढंच नको, कोणती दाढ, काय केलं, कॅप कशाची हे लिहून घ्या. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही बघा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंद असल्याशिवाय इथे दातांवर उपचार करता येत नाहीत. नानांच्या हातात होती नुसती आकडा लिहिलेली चिठ्ठी, त्यावर ना सही ना शिक्का.

आम्ही परत गेलो तेव्हा आधी "दाढच सडलेली होती" असं ऐकवलं. एक्स-रे पुढे ठेवल्यावर "अर्धे पैसे घ्या, विषय वाढवू नका." नाना तयार झाले होते, काकूंनी नाही म्हटलं. दंत परिषदेकडे लेखी तक्रार पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. धुळ्याच्या मॅडमनी एक्स-रे आणि लेखी अहवाल दिलाय. दवाखान्याकडे पक्कं बिल रजिस्टर पोस्टाने मागितलंय, ते अजून आलेलं नाही.