तेरडा : पंधरा महिन्यांनंतरचा अनुभव (बियांचं पाकीट घ्यायच्या आधी वाचा)

यंदा, म्हणजे 2025 मध्ये, गौरी 31 ऑगस्टला आल्या. गेल्या वर्षी आवाहन 10 सप्टेंबरला होतं. तेरड्याच्या हिशेबात हे दहा दिवस फार असतात. पेरल्यापासून फूल दिसायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे जूनच्या मध्यानंतर पेरणी केली तर ऑगस्टअखेर जेमतेम कळ्या. शेजारच्या काकूंचं तसंच झालं. माझ्याकडे मात्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच फुलं होती, आणि यंदा मी एकही बी पेरलेलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

आमचं पुण्यात रो-हाउस आहे, कंपाउंडच्या कडेने चार फूट रुंद, बारा फूट लांब माती. जून 2024 मध्ये दुकानातून 'डबल, मिश्र रंग' असं पाकीट आणलं. साठ रुपये. घरी येऊन बिया मोजल्या तर तेवीस. पाकिटावर बियांची संख्या कुठेच छापलेली नव्हती. चौदा उगवल्या. दुकानदाराला सांगायला गेले तर म्हणाला, "ताई, फोडलेलं पाकीट परत घेत नाही." न फोडता उगवण कशी कळणार, हे त्याने सांगावं. एका रोपाला सव्वाचार रुपये पडले, ते अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

त्याच आठवड्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, रत्नागिरीहून वर्तमानपत्राच्या पुडीत गावठी तेरड्याचं बी आणलं होतं. चिमूटभर, फुकट. ते दुसऱ्या टोकाला टाकलं.

पहिल्या वर्षी माझं मत पाकिटाच्या बाजूने होतं, हे कबूल करते. डबलची झाडं दीड फुटाची, आटोपशीर, आणि फुलं लहान गुलाबासारखी भरगच्च. गावठी अडीच फुटांपर्यंत उंच गेला, फुलं एकेरी, त्यातली निम्मी पानांखाली झाकलेली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाकीटच घ्या म्हटलं असतं. आता म्हणणार नाही. डबलला बोंडं फार कमी धरली. गावठीला प्रत्येक पेऱ्यावर दोन-तीन.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे गौर तेरड्याची असते आणि रोप मुळासकट लागतं, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. बाजारातल्या जुडीत मुळं बहुतेक तुटलेली असतात, आणि आईंना ते चालत नाही. पण झाड मुळासकट उपटलं की त्याचं बी गेलं. गौरी येतात तेव्हा बोंडं बहुतेक कच्ची असतात. म्हणजे सगळा वाफा गौरीला उपटला, तर पुढच्या वर्षी पुन्हा दुकानात. गेल्या वर्षी मी नळाजवळची सहा झाडं राखली. आईंना आधी ते पटलं नाही, देवीच्या झाडात वाटे कसले, म्हणाल्या. मग स्वतःच त्या सहांना सुतळी बांधून ठेवली, चुकून कोणी उपटू नये म्हणून. या सगळ्या लिखाणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या : बियाण्याची झाडं आधी ठरवा, मग गौरीची उपटा.

बोंड पिकलं की नाही हे रंगावरून लवकर कळत नाही. ते हिरवंच असतं, फक्त थोडं फिकट होतं आणि मधे फुगतं. अंगावर बारीक लव असते. खाली ओंजळ धरून टोकाला हलकेच चिमटा काढायचा. पिकलेलं असेल तर पाच पाकळ्या एकदम आतल्या बाजूला वळतात आणि बिया तळहातावर फुटाण्यासारख्या आपटतात. मोहरीपेक्षा थोडं मोठं, तपकिरी बी. पांढरट निघालं तर ते कच्चं, बाकीच्यांना दोन दिवस हात लावू नका. मी पहिल्या दिवशी ओंजळ न धरता चिमटे काढले आणि बी फरशीवर गेलं. मातीत पडलं असतं तर हरकत नव्हती. फरशीवरचं केरसुणीत जातं.

यंदा मान्सून पुण्यात 26 मे रोजीच दाखल झाला, एरवी दहा जूनच्या आसपास येतो. त्याआधीही वळवाने माती भिजवलीच होती. मे संपायच्या आत नळापासून सहा फुटांपर्यंत कोंब दिसले : जाडसर, गोल बीदलांची (बीमधून निघणाऱ्या पहिल्या पानांची) जोडी, टोकाला किंचित खाच. मी पाकिटावर अवलंबून असते तर सवयीने जूनच्या मध्यालाच पेरलं असतं. जमिनीतल्या बियांनी पावसावर काम सुरू केलं, कॅलेंडरवर नाही. पंधरा महिन्यांत मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर याचा.

'आपोआप येतं, काही करावं लागत नाही' असं मी आधी म्हणायचे, ते मात्र इथे मागे घेते. वीतभर जागेत चाळीस रोपं होती. आठवडाभर कौतुक करत बसले, तोवर ती उंच, बारीक झाली आणि तळाशी खोड कुजून दहा-बारा आडवी पडली. विरळणी करावीच लागते. दोन रोपांत नऊ इंच ते फूटभर अंतर ठेवा. काढलेली रोपं चार पानांवर असताना, पावसाळी संध्याकाळी लावली की सहज जगतात. तेव्हा खोडाचा रंगही बघून ठेवा : हिरवट खोडाला पांढरी फुलं, लालसर खोडाला लाल-जांभळी. माझ्याकडे हे बहुतेक रोपांत खरं निघालं. डबलच्या बाजूला आलेली रोपं बहुतेक एकेरीच निघाली. मधमाश्यांनी गावठीचे पराग तिकडे नेलेच असणार.

दुसरं नुकसान खुरप्याने झालं. माळीकाकांनी जूनमध्ये कुंपणाकडची अर्धी पट्टी तण समजून स्वच्छ केली. त्यांचा दोष नाही, मीच रोपं ओळखून दाखवली नव्हती. आता तिथे काड्या रोवल्या आहेत.

आपोआप उगवणाऱ्या बाकीच्या फुलझाडांबद्दल थोडक्यात. कोंबडा इतका येतो की उपटून दमायला होतं. झिनिया दुसऱ्या वर्षी विरळ आला. पिवळा-केशरी कॉसमॉस मी पूर्वी सगळ्यांना वाटत होते, आता काढून टाकला. त्याचं काट्यासारखं बी कपड्यांना चिकटून बाहेर जातं, आणि पुण्याच्या टेकड्यांवर तो माजलेला दिसतो. तिथल्या गवतांची आणि रानफुलांची जागा तो खातो. मूळचा मेक्सिकोचा. तेरडा इथलाच.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात, ते एका फुलापुरतं ठीक आहे. माझी झाडं सहा आठवडे फुलत आहेत. आता खालच्या पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसायला लागलीय, ती पानं खुडून टाकते.

पुढच्या वर्षी, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ असल्याने गणपतीच 14 सप्टेंबरला आहेत. पाऊस यंदासारखा लवकर आला तर आपोआप आलेली झाडं गौरीपर्यंत थकतील. म्हणून यंदा आठ झाडं राखली आहेत आणि थोडं बी कागदी पुडीत वेगळं ठेवतेय, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरायला. पुडीवर आईंनी तारीख घातली आहे.