सांगितलं मॉरिट्झ, छापलं मॉरिस (धोबीतलाव, जर्सी प्रिंटिंग)

मेट्रो सिनेमाच्या बाजूला धोबीतलावला स्पोर्ट्सच्या दुकानांची जी रांग आहे ना, त्यातल्याच एकाकडून जर्सी प्रिंट करून घेतली. नाव मुद्दाम टाकत नाहीये, माणूस वाईट नाही, फक्त कान जरा तिखट हवे होते.

आमची रविवारची टर्फ फुटबॉल टीम, सगळ्यांच्या पाठीवर मेस्सी नाहीतर हालांड. मी म्हटलं मला मॉरिट्झ. काउंटरवरचे काका म्हणाले, "कोण? ब्राझीलचाच हवाय तर नेमार घे ना, कट करून रेडी आहे, दहा मिनिटांत नेशील."

त्यांना तरी काय बोलणार, आमच्या टीममध्येच अर्ध्यांना आंद्रे मॉरिट्झ माहीत नाही. ब्राझीलचा मिडफिल्डर, पण वर्ल्ड कपवाल्या ब्राझीलचा नाही, बॅग उचलून गावोगाव फिरणाऱ्या ब्राझीलचा. तुर्कस्तानात कासिमपाशा, कायसेरीस्पोर, मर्सिन, मग इंग्लंडात क्रिस्टल पॅलेस, तेही सेकंड डिव्हिजनमध्ये असताना. २०१३ ला पॅलेसने वेम्बलीवर वॉटफर्डला १-० हरवून प्रीमियर लीग गाठली आणि हा बाबा गेला बोल्टनला, म्हणजे परत सेकंड डिव्हिजनच! फास्ट लोकल आली आणि हा स्लोच्या प्लॅटफॉर्मवर. तिथून एका सीझननंतर थेट आपल्या मुंबई सिटीत, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबईच्या टीममध्ये.

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार, दुसऱ्या दिवशी विधानसभेचा निकाल, घरी सगळे टीव्हीवर एक्झिट पोलची चर्चा ऐकत बसलेले आणि मी कुर्ल्याहून हार्बर पकडून नेरुळला मॅच बघायला. पहिली मॅच कोलकात्यात ३-० हरलेलो, आपला फ्रेंच स्ट्रायकर ॲनेल्का बॅनमुळे बाहेर, त्यामुळे काही अपेक्षा नव्हतीच. आणि पुण्याला ५-० धुतलं! त्यातले तीन मॉरिट्झचे, आयएसएलमधली पहिलीवहिली हॅटट्रिक. पुण्याला पाच, अजून काय पाहिजे मुंबईकराला.

तर जर्सी. आकाशी रंगाचा डॉट निट कपडा, ३८० रुपये, नाव-नंबरचे १५० वेगळे. कपडा खरंच मस्त, मे महिन्यातल्या टर्फवर पण अंगाला चिकटत नाही, साइज मात्र एक नंबर मोठीच घ्या. पोऱ्याने नाव कॉम्प्युटरवर टाइप केलं, मशीनने फिल्म कापली, चिमट्याने नको ते तुकडे उचलले, हीट प्रेसखाली ठेवलं, पंधरा-वीस सेकंद, झालं. उलटी करून बघतो तर शेवटी टी-झेड गायब, नुसता एस. मॉरिस. अरे मी काय जुनी मॉरिस मायनर गाडी आहे का?

काका म्हणे "तू मॉरिसच बोललास", मी म्हणे स्पेलिंग सांगितलं होतं, मागे शाळेच्या टीमचे पालक ताटकळत उभे. शेवटी दुसऱ्या कपड्यावर नवीन छापून दिलं, प्रिंटचे पैसे पुन्हा घेतले नाहीत पण कपड्याचे अर्धे घेतलेच. मला पटलं नाही, पण घासाघीस करायला वेळ नव्हता.

पाचपैकी साडेतीन. स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि प्रेसखाली जायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा. चौथ्या धुण्यात झेडचा कोपरा सुटायला लागलाय, वर कागद ठेवून इस्त्री फिरवली तर बसला परत. मॉरिस आता आमचा गोलकीपर घालतो.