इनलाइन ईडीएफए: लांब स्पॅनला उत्तम, आखूड स्पॅनला नको

डीडब्ल्यूडीएम लिंकवर (एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचे अनेक चॅनेल नेणारी) इनलाइन बसवलेला हा दोन स्टेजचा, गेन (सिग्नल किती वाढतो ते) कमीजास्त करता येणारा ईडीएफए, म्हणजे एर्बियम मिसळलेल्या फायबरचा ऑप्टिकल ॲम्प्लिफायर, आता पुरेसा वापरून झालाय. निकाल आधीच सांगते: लांब स्पॅनसाठी (स्पॅन म्हणजे दोन ॲम्प्लिफायरमधला फायबरचा टप्पा) बिनधास्त घ्या, आखूड स्पॅनसाठी अजिबात घेऊ नका.

अडतं ते नॉइज फिगरवर, म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःचा किती नॉइज घालतो त्या मापावर. माहितीपत्रकात ठळक छापलेला ५ डीबीचा (डेसिबलचा) आकडा खरा आहे, पण तो पूर्ण गेनवरचा. १५५० नॅनोमीटरला फायबर किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी खातं. १०० किलोमीटरचे २० डीबी झाले, वर स्प्लाइस (फायबरचे सांधे) आणि कनेक्टर. तिथे हा झकास चालतो. ५० किलोमीटरच्या स्पॅनवर मात्र गेन खाली आणावा लागतो, आणि हा तो आणतो दोन स्टेजच्या मधल्या ॲटेन्युएटरवर प्रकाश अडवून. मग दुसऱ्या स्टेजचा नॉइज भारी पडायला लागतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर लावा, दोन चॅनेलांच्या मधला नॉइजचा तळ वर आलेला लगेच दिसेल.

ॲम्प्लिफायरने सिग्नल स्वच्छ होतो असं समजणारे अजून भेटतात. तो फक्त उचलतो. आलेला नॉइजही तितकाच उचलतो आणि स्वतःचा वर घालतो. चॅनेलमागे ० डीबीएम (१ मिलिवॉट) सोडले, स्पॅन २० डीबीचा, नॉइज फिगर ५, तर ५८ (या हिशोबातला ठरलेला स्थिरांक) − २० − ५ म्हणजे ३३ डीबी ओएसएनआर, म्हणजे सिग्नल नॉइजच्या इतका वर. असे १० स्पॅन जोडले की नॉइज दहापट, म्हणजे १० डीबी जास्त, आणि उरतात २३. प्रत्येक ठिकाणी नॉइज फिगर २ डीबीने बिघडला तर २१, आणि हे गेलेले २ डीबी पुढे कितीही ॲम्प्लिफायर लावले तरी परत येत नाहीत.

बाकी काम चोख. सी-बँडभर (१५५० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा) गेन सपाट राहतो. अर्धे चॅनेल एकदम काढले तरी उरलेल्यांची पॉवर उसळत नाही, हे मला फार आवडलं. आउटपुटचा कनेक्टर निघाला की पॉवर आपोआप खाली येते. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे ही सोय नसलेला ॲम्प्लिफायर मी रॅकमध्ये चढवूच देणार नाही. तरीही जोडण्याआधी फेरूल (कनेक्टरचं टोक) स्कोपखाली बघून पुसा, इतक्या पॉवरला धुळीचा एक कणही टोक जाळू शकतो.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून प्रत्येक गेनला नॉइज फिगर किती, याचा तक्ता मागून घ्या. आम्हाला तो दोनदा मागावा लागला.